जुना घडीचा चाकू किती साली बनला? या चुका टाळा

आज्जाच्या ट्रंकेत घडीचा चाकू सापडला की आमच्याकडं एकच वाक्य, "निजामाच्या काळातला हाय बघ". अहो निजामाचं राज्य 1948 ला गेलं, त्याच्या आधी कधीचा ते सांगा ना! ते मुठीकडं बघून नाही कळत, पातं मुठीत शिरतं तिथं बुडाशी बारीक ठसा असतो तो वाचावा लागतो.

अन तोच ठसा मी घालवला. गंज दिसला म्हणून पॉलिश पेपर घेऊन बसलो, अर्ध्या तासात पातं आरशासारखं अन नावातली तीन अक्षरं गायब. नशीब की तारा अन त्याच्या शेजारचा माल्टीज क्रॉस (चारी हात बाहेरच्या बाजूला रुंद होणारा क्रूस) राहिला होता, ती इंग्लंडातल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स या चाकू कंपनीची खूण. (तिची नक्कल पण लै झाली, म्हणून नुसत्या ताऱ्यावर भाळू नका.) ठसा पुसट असला तर खडू चोळून हलक्या हातानं पुसा, मोबाईलचा टॉर्च आडवा धरा अन फोटो काढून मोठा करून बघा, घासू नका.

दुसरी चूक काकांची. ठशात मुकुट दिसला की म्हणले व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. मुकुटाच्या दोन्ही बाजूची अक्षरं बघायची असतात, व्ही आर असलं तर व्हिक्टोरिया, म्हणजे 1837 ते 1901. आमच्यावर जी आर निघालं, म्हणजे जॉर्ज, अन जॉर्ज काय एक नव्हता, पाचवा 1910 ते 1936, सहावा 1936 ते 1952, त्यांच्या आधीचे वेगळेच. पात्यावर 'स्टेनलेस' लिहिलं असंल तर राणीचा विषयच संपला, ते स्टील शेफिल्डात 1913 ला निघालं. आमच्यावर ते नव्हतं, म्हणून तर गंजला.

लाल स्विस चाकूवाले तर डबीवरचं 1884 बघून खुश होतात, ते कंपनी सुरू झाल्याचं साल राव, चाकूचं नाही! त्या कंपनीचं व्हिक्टोरिया हे नाव 1909 ला आलं अन त्याला इनॉक्स (म्हणजे स्टेनलेस) जोडून व्हिक्टोरिनॉक्स 1921 ला झालं, म्हणजे पूर्ण नाव असलेला चाकू त्याच्या आधीचा असूच शकत नाही.

आठवडी बाजारात घेताना सगळी पाती उघडून बघा, दोन पात्यांवर दोन कंपन्यांचे ठसे असले तर कुणीतरी जोडाजोडी केलेली आहे. मूठ सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची वाटली तर खरेदी-विक्रीच्या भानगडीत पडू नका, 1972 चा वन्यजीव कायदा आहे.

पातं उघडत नसंल तर पक्कड लावू नका. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सांध्यात सोडा, रातभर ठेवा, सकाळी हळूच उघडा. गोडं तेल अजिबात नको, काही महिन्यात त्याचा डिंक होतो. आमचा चाकू एवढा कामून जाम झाला म्हणून आज्जीला विचारलं तर म्हणली, "जाम कसा होईल, दर दिवाळीला गोडं तेल लावत होते की मी!"