आईचा गुडघा, नी कॅप अन् शिलाई मशीनचा टेप

आमचं घर दुसऱ्या माळ्यावर, लिफ्ट नाही. आई भाजी घेऊन वर येताना पहिल्या लँडिंगला थांबायची, पिशवी खाली ठेवायची अन् साडीच्या आत हात घालून नी कॅप वर ओढायची, मोजा ओढतो ना तशी. दर वेळी. मला वाटायचं कॅप अशीच असते, घसरणारच. मग एका रात्री तिनं ती काढली तेव्हा मी जवळ होते, पाहिलं तं गुडघ्याच्या मागं लवणीत दोन लाल वळ उठलेले अन् मधली कातडी ओली, सोलून निघालेली. म्हटलं, "आई, हे कधीपासून आहे?" तं म्हणे, "राहू दे वं, घातलं की बरं वाटते मले."

हे बरं वाटणं खरं आहे, म्हणूनच हे लिहून राहिली आहे. नी कॅप किंवा ब्रेस म्हणजे फालतू वस्तू नाही, पण चुकीच्या मापाची, चुकीच्या जागी अन् दिवसभर घातली तर फायद्यापेक्षा त्रास जास्त होतो. मी डॉक्टर नाही. आईसोबत ऑर्थोपेडिकवाल्यांकडे अन् फिजिओकडे वर्षभर जाऊन जे शिकले ते सांगते.

आधी हे समजून घ्या की गुडघ्यात काय झालंय. आपल्याकडे म्हणतात गादी घासली, गॅप कमी झाली. हाडांच्या टोकावर जी गुळगुळीत कूर्चा असते ती झिजते, अन् बहुतेक लोकांची ती आतल्या बाजूनं जास्त झिजते, म्हणून वय झालेल्या बायांचे पाय हळूहळू धनुष्यासारखे बाहेर वाकलेले दिसतात. काहींचं दुखणं वाटीच्या मागचं असतं, ते जिना उतरताना अन् खुर्चीवरून उठताना जास्त जाणवतं. कोणती बाजू घासली हे कळायला उभं राहून काढलेला एक्स-रे लागतो, कारण झोपून काढला तर अंगाचं वजन गुडघ्यावर नसतं अन् गॅप खरी आहे त्याहून बरी दिसते. आईचा पहिला एक्स-रे झोपूनच काढलेला होता, दुसऱ्यांदा काढावा लागला. तुम्ही आधीच विचारून घ्या.

आता ब्रेस. दुकानात सगळ्यालाच नी कॅप म्हणतात पण प्रकार वेगळे आहेत. ओढून घालायची इलास्टिकची किंवा निओप्रिनची (जाड रबरी कापडाची) कॅप काही शेकड्यात मिळते. ती वजन कुठंही सरकवत नाही, ती ऊब देते, हलका दाब देते अन् गुडघा कुठं आहे ह्याची जाणीव पक्की करते, त्यामुळं पाऊल टाकताना भरोसा येतो. सुरुवातीच्या दुखण्याला एवढंही पुरते. दुसरा प्रकार दोन्ही बाजूंना बिजागरीच्या पट्ट्यावाला, ज्यांचा गुडघा चालताना लचकतो, दगा देतो त्यांच्यासाठी. तिसरा अनलोडर, हा महाग, हजारांच्या घरात. तो तीन जागी दाब देऊन घासलेल्या बाजूवरचं वजन थोडं दुसऱ्या बाजूला ढकलतो. म्हणजे एकच बाजू घासली असेल तरच त्याचा अर्थ आहे, दोन्ही बाजू गेल्या असतील तं वजन ढकलणार कुठं? हा स्वतःच्या मनानं ऑनलाइन मागवू नका, डॉक्टरनं लिहून दिला अन् माप घेऊन बसवला तरच घ्या. वाटीच्या मागचं दुखणं असेल तर समोर गोल भोक असलेला येतो, त्यात वाटी बरोबर बसली पायजे.

लोक विचारतात की डॉक्टर लोक मानतात का हे. दोन्ही बाजू सांगते. अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ च्या गाइडलाइनमध्ये गुडघ्याच्या ब्रेसची जोरात शिफारस केली आहे, पण ज्यांचं चालणं, सांध्याची स्थिरता किंवा दुखणं बऱ्यापैकी बिघडलंय त्यांच्यासाठी. ब्रिटनमध्ये उपचारांच्या गाइडलाइन काढणाऱ्या नाइस संस्थेनं २०२२ मध्ये सांगितलं की सरसकट सगळ्यांना ब्रेस देऊ नका, सांधा डळमळत असेल किंवा त्यावर वजन वाकडं पडत असेल, अन् त्याशिवाय व्यायाम जमत नसेल किंवा लागू पडत नसेल, तेव्हा द्या. मला तं हे दुसरं जास्त पटलं, कारण आईच्या फिजिओ मॅडमही हेच म्हणायच्या की काकू, ब्रेस कशासाठी, तं चालता यावं अन् व्यायाम करता यावा ह्यासाठी, नुसतं लावून खाटेवर बसण्यासाठी नाही.

अन् आता माप, आमची सगळी चूक इथंच झाली होती. आईची कॅप घेतली तेव्हा दुकानदारानं काउंटरच्या मागूनच बघून म्हटलं काकूंना एक्सएल लागेल, अन् आम्ही घेऊन आलो. फिजिओ मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, माप कोणी घेतलं? कोणीच नाही. घरी येऊन मी शिलाई मशीनच्या खणातला टेप काढला. आईला उभं केलं, पाय सरळ पण मांडी ढिली ठेवायला सांगितली, वाटीच्या मधोमध पेनानं छोटा टिपका दिला अन् तिथून गोल टेप फिरवला, ओढून नाही, कातडीला नुसता टेकलेला. डब्याच्या तक्त्यात पाहिलं तं आईचा साइज एल निघाला. एक्सएल होती म्हणून घसरायची, घसरून मागं गोळा व्हायची, अन् ती गोळा झालेली इलास्टिकच लवणीत रुतून वळ उठवत होती. दीड वर्ष.

तर तुम्ही हे करा. साधी कॅप असेल तर वाटीवरचं माप बहुतेक पुरते. बिजागरीवाला असेल तर बऱ्याच कंपन्या वाटीच्या मध्यापासून १५ सेंटीमीटर वर मांडीचं अन् १५ सेंटीमीटर खाली पोटरीचं माप मागतात. टायनॉरचा तक्ता विस्कोला लागू होत नाही, ज्या कंपनीचा घेताय तिच्याच डब्यावरचा पाहा. माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभर चालून गुडघा थोडा सुजलेला असतो, सकाळी बरोबर वाटलेली कॅप संध्याकाळी काचते. दोन्ही पायांचं वेगवेगळं घ्या, आईच्याच दोन गुडघ्यांत फरक निघाला. अन् कपड्यावरून माप नको, कपड्यावरून घालायचीही नाही. कित्येक काकू सलवारवरून घालतात, ती पकड धरतच नाही. आपल्या नागपुरात मेडिकल चौकाकडं किंवा धंतोलीत सर्जिकलच्या दुकानात जाल तेव्हा ढिला पायजमा घालून जा, तिथंच लावून दहा पावलं चाला, एकदा खुर्चीत बसून उठा अन् मगच पैसे द्या.

लावताना खुर्चीच्या कडेवर बसायचं, गुडघा थोडा वाकलेला. बिजागरीचा मध्य वाटीच्या मध्याच्या लेवलला, अगदी बाजूला, पुढं सरकलेला नको, नाहीतर पाय वाकताना बिजागरी एकीकडं अन् गुडघा दुसरीकडं ओढतो. पट्टे लावताना आधी गुडघ्याच्या खालचा, पोटरीवरचा, मग मांडीचा. खालचा पक्का बसला की पोटरी त्याला अडवून धरते, ब्रेस खाली येत नाही. आपण नेमकं उलटं करतो. पट्ट्याखाली दोन बोटं गेली पायजेत, एक जात असेल तं घट्ट, चार जात असतील तं ढिला. लावून झाल्यावर उभं राहून थोडं चाला अन् पुन्हा एकदा पट्टे पाहा, कारण बसून लावलेला उभं राहिल्यावर थोडा ढिला होतोच.

एक जागा नीट लक्षात ठेवा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली हाडाचं एक गोल टोक हाताला लागतं. त्याला वळसा घालून एक नस जाते जी पाऊल वर उचलते. तिथं पट्टा करकचून बसला तर पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात, पाऊल जड पडतं, चप्पल अडकते. असं झालं की लगेच काढा, अन् काढूनही गेलं नाही तर डॉक्टर.

पहिल्या दिवशी एक तास पुरे. काढल्यावर कातडी पाहायची, मागं लवणीत आरसा धरून पाहायची. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर माप किंवा पट्टा चुकतोय. मग हळूहळू वेळ वाढवा. ज्या कामात दुखतं त्या कामाला लावा. आईचं ठरलेलं आहे, भाजीला जाणं, जिना, अन् टेकडीच्या गणपतीला जायचं असेल तेव्हा. घरी आल्यावर काढते. टीव्ही पाहताना लावत नाही, झोपताना तं अजिबातच नाही.

बाम किंवा तेल चोळून त्याच्यावर कॅप घालणारे खूप आहेत, आईही करायची. नका करू. गरम बामावर कॅप बसली की कातडी भाजल्यासारखी होते, दुखण्याचं जेलही झाकून ठेवायचं नसतं, अन् तेलानं इलास्टिक सैल पडते ते वेगळंच. जेल लावायचंच तर ब्रेस काढल्यावर लावा.

अन् आपला नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा निओप्रिनची कॅप म्हणजे गुडघ्याला प्लास्टिक गुंडाळल्यासारखं, आत घाम अन् घामोळ्या. त्या दोन महिन्यांत आम्ही पातळ, जाळीदार कापडाची वापरतो अन् खाली सुती होजिअरीची नळी घालतो, जुन्या बनियानचा तुकडाही चालते फक्त त्याची शिवण अन् घडी यायला नको. फिरायला सकाळी सातच्या आत. कॅप धुताना वेल्क्रो बंद करून साध्या साबणानं हातानं धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. गच्चीवर टाकली की आपल्या उन्हात थोड्याच दिवसांत इलास्टिक मरते. दोन ठेवल्या तर बरं, एक ओली असताना दुसरी.

शुगर असेल अन् पायाची जाणीव कमी झाली असेल, पायाच्या शिरा फुगलेल्या असतील, पायाला रक्तपुरवठा कमी असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घालूच नका. पोटरी एकाएकी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर ते गुडघ्याचं दुखणं समजून बसू नका, शिरेत रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी दाखवा. गुडघा लालभडक, गरम अन् सोबत ताप असेल तरीही त्याच दिवशी.

बाकी ब्रेसनं झिजलेली कूर्चा परत येत नाही. दुखणं थोडं थांबतं, तेवढ्या वेळात पायात ताकद आणायची. आई खुर्चीत बसून पाय सरळ करून पाच मोजेपर्यंत धरते, दहा वेळा, दोन्ही पाय, कूलरसमोर बसून, सकाळ-संध्याकाळ. मग खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, जमेल तेवढं. वजनाचंही आहेच, संशोधनात दिसलंय की १ किलो वजन कमी झालं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोनं कमी होतो. काठी घेत असाल तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पाटावर मांडी घालून जेवण आईनं सोडलं, तिला ते जड गेलं, पण आता सणाला पंगतीतही ती खुर्चीवर बसते अन् कोणी काही म्हणत नाही.

ओपीडीला जाताना ब्रेस पिशवीत घेऊन जा, घरी ठेवून नको. सरकारी मेडिकलला असो की खाजगी दवाखान्यात, तुमची पाच मिनिटं येतात तेव्हा तोंडानं सांगत बसण्यापेक्षा त्यांच्यासमोर लावा अन् चालून दाखवा. आईनं मागच्या वेळी तसं केलं, फिजिओ मॅडमनी खाली वाकून तिच्या आताच्या बिजागरीवाल्या ब्रेसची डाव्या बाजूची बिजागरी दोन बोटं मागं सरकवली, पट्टा पुन्हा लावला अन् म्हणाल्या, "काकू, आता चाला." आई कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेली अन् मध्ये एकदाही वाकून ओढली नाही.