फार्मसीचं पहिलं वर्ष: सिरप बिघडतं ते इथे, या चुका टाळा

बी.फार्म. असो की डी.फार्म., फार्मास्युटिक्सच्या प्रॅक्टिकलला सुरुवातीलाच सिंपल सिरप करायला मिळतं. साखर आणि पाणी, एवढंच. सोपं वाटतं म्हणून मुलं सूत्र नीट वाचत नाहीत.

इंडियन फार्माकोपियाच्या, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाच्या, सूत्रात सुक्रोज ६६७ ग्रॅम आणि शुद्ध पाणी एकूण वजन १००० ग्रॅम होईपर्यंत, असं आहे. म्हणजे पाणी साधारण ३३३ ग्रॅमच. पण ६६७ ग्रॅम साखरेवर थेट १००० मिली पाणी ओतलं जातं. मग साखर उरते जेमतेम ४० टक्के, आणि इतक्या पातळ सिरपवर बुरशी सहज धरते. ६६.७ टक्क्यांना मात्र साखरेच्या दाटपणामुळे जंतूंना वाढायला पाणीच मिळत नाही, म्हणून वेगळं प्रिझर्व्हेटिव्ह न घालताही सिरप टिकतं.

तेव्हा रिकाम्या बीकरचं वजन आधी जर्नलमध्ये लिहा. पाणी थोडं हातचं राखून साखर मंद आचेवर विरघळवा, थंड होऊ द्या आणि मगच वजन करून उरलेलं पाणी घाला. गरम असतानाच वजन पुरं केलं, तर त्यानंतरही वाफ जात राहते आणि वजन पुन्हा घटतं.

सिरप तपकिरी झालं? आच जास्त झाली. सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात, आणि असं सिरप लवकर आंबतं. तळाशी खडे धरले, तर पाणी जास्त उडालं. बुरशी फक्त वरच्या थरावर दिसली, तर बहुतेक वेळा गरम सिरप भरून लगेच झाकण लावलेलं असतं: आतली वाफ थंड होऊन वर पाणी साचतं आणि तेवढाच थर पातळ होतो.

अल्कोहोलच्या गणितातही चूक याच जातीची. ९५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांचं १००० मिली करायला सुमारे ७३७ मिली लागतं, हे बरोबर. पण वजाबाकी करून २६३ मिली पाणी मोजून ओतलं, तर एकूण १००० मिली भरत नाही, कारण अल्कोहोल आणि पाणी मिसळल्यावर आकारमान आक्रसतं. मिसळताना द्रावण गरमही होतं. ते खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग खुणेपर्यंत पाणी घाला. वाचन मेनिस्कसच्या (द्रवाच्या वरच्या वक्र पृष्ठभागाच्या) तळाशी, नजर त्याच पातळीवर ठेवून.

जर्नलमध्ये ‘.५ मिग्रॅ’ कधीच लिहू नका, ‘०.५’ लिहा. टिंब पुसट झालं की डोस दहापट होतो. उलट ‘५.०’ चा ५० वाचला जातो, तिथे नुसता ‘५’ पुरे. माझ्या मते यासाठी पहिल्या सत्रापासूनच गुण कापायला हवेत.

चिठ्ठीवर ‘ओडी’ दिसलं की दिवसातून एकदा, हे पाठ असतं. पण डोळ्यांच्या थेंबांच्या चिठ्ठीत त्याचा अर्थ उजवा डोळा असाही होतो. शंका आली तर औषध देण्याआधी डॉक्टरांना फोन करून विचारा, आणि त्यांनी सांगितलेलं चिठ्ठीवर तारखेसह नोंदवा.