स्वप्नचित्रातल्या निसर्गाचा अर्थ लावताना या चुका टाळा

स्वप्नचित्र म्हणजे स्वप्नात दिसावं तसं जग रंगवलेलं चित्र. अशा चित्रासमोर अर्धं मिनिटही न थांबता "सर, याचा अर्थ काय?" असं विचारणारे नाशिकच्या प्रत्येक प्रदर्शनात भेटतात. घाई तिथेच नडते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओळखीचं काही दिसलं की पाठ असलेला अर्थ त्याला चिकटवणं. गंगापूर रोडवरच्या एका छोट्या प्रदर्शनात उलट्या झाडाचं चित्र होतं. मुळं आभाळात, मुळांमधून मासे पोहतायत. मी विद्यार्थ्यांना लगेच गीतेचा पंधरावा अध्याय सांगितला, 'ऊर्ध्वमूलमधःशाखम्', म्हणजे मुळं वर, फांद्या खाली असलेला अश्वत्थ. सगळ्यांनी माना डोलावल्या. मागे उभी असलेली चित्रकार मुलगी हळूच म्हणाली, "सर, खाली डावीकडे बघितलंत का?" तिथे अंधारात दोन तोंडांची दगडी मूर्ती होती आणि तिच्या छातीवर चिखलाची आडवी रेघ. दुतोंड्या मारुती! गोदेचा पूर किती चढला हे अख्खं नाशिक ज्याच्या अंगावरून मोजतं, तोच. झाडाच्या खोडावरही तशीच रेघ होती. झाड तिच्या काकांच्या दारातलं, पुरात उन्मळलेलं. गीतेतला अर्थ मी घरून आणला होता, चित्रात तो नव्हता.

तेव्हापासून मी दहा मिनिटं कागदावर फक्त नामं आणि क्रियापदं लिहितो, तीही कोपऱ्यांपासून. विशेषण एकही नाही. मग एकच प्रश्न विचारतो: निसर्गाचा कोणता नियम मोडलाय? वजन, उजेड, ऋतू की आकार? बेल्जियन चित्रकार मॅग्रिटच्या 'एम्पायर ऑफ लाइट' मालिकेत वर दिवसाचं निळं आभाळ आहे, खाली दिवा लागलेला रात्रीचा रस्ता. घर, झाडं अगदी साधी. मोडलीय ती फक्त वेळ, म्हणून अर्थही वेळेपाशीच शोधायचा.

मोबाइलवरच्या 'प्रतीकांच्या यादी'चा मला मनापासून राग येतो. घुबड म्हणजे शहाणपण, असं त्यात असतं. ते अथेना या ग्रीक ज्ञानदेवतेचं घुबड. आपल्याकडे ते घरावर बसलं तर आजी हाकलते, आणि तेच लक्ष्मीचं वाहनही आहे. डच चित्रकार बॉशने १५०० च्या आसपास बायबलमधल्या ईडनच्या बागेतल्या कारंज्याच्या भोकात बसवलेलं घुबड तर अनेक अभ्यासक अशुभाची चाहूल म्हणून वाचतात. चित्र कुठलं, कुणाचं, हे बघितल्याशिवाय यादी उघडू नका.

प्रत्येक पानात प्रतीक शोधू नका. १९२५ मध्ये जर्मन चित्रकार माक्स एर्न्स्टने लाकडी जमिनीवर कागद ठेवून पेन्सिल घासली, तसा लाकडाचा पोत कागदावर उतरला. त्याची कित्येक अरण्यं अशा घासकामातून उगवली. आधी पोत, मग जंगल.

पार्श्वभूमी सोडू नका. स्पॅनिश चित्रकार दालीच्या चित्रातल्या वितळत्या घड्याळांमागचे कडे त्याच्या कातालुन्या प्रांतातल्या किनाऱ्यावरचे, खरेखुरे आहेत. चित्र जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचं, म्हणून जवळ जाऊन बघावं लागतं.

निळा म्हणजे शांतता, हे विसरा.

चित्रकार समोर असेल तर अर्थ विचारू नका, सुरुवात कुठून केली ते विचारा. त्या मुलीने चिखलाची रेघ सगळ्यात आधी ओढली होती.