योहानातला ‘उंच केला जाणे’ हा शब्द कसा वाचावा

आधी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातले ३:१४, ८:२८ आणि १२:३२-३४ (अध्याय:वचन) हे तीन उतारे सलग वाचा. तिन्हींत मूळ ग्रीक क्रियापद एकच आहे, ‘हुप्सोओ’. त्याचा अर्थ वर उचलणे आणि गौरवाने उंचावणे, दोन्ही. योहान मुद्दाम दोन्ही अर्थ एकत्र ठेवतो: येशूला वधस्तंभावर चढवणे हाच त्याचा गौरव.

मग जुन्या करारातले गणना २१:४-९ उघडा. मोशेने खांबावर लावलेला पितळी साप तिथे आहे, ३:१४ त्यावरच उभे आहे. जुन्या करारातलेच यशया ५२:१३ही सोडू नका. त्याच्या ग्रीक भाषांतरात दुःख सोसणाऱ्या सेवकासाठी हेच क्रियापद येते.

चूक बहुधा १२:३२ पाशी होते. वाचक ते थेट स्वर्गारोहणाला जोडतात. पुढचेच ३३ वे वचन सांगते की बोलणे मरणाच्या प्रकाराविषयी आहे. एक ओळ पुढे वाचायचा कंटाळा, दुसरे काय!

शेवटी प्रेषित पौलाच्या पत्रातले फिलिप्पै २:८-९ शेजारी ठेवा. पौलाकडे क्रम वेगळा: आधी वधस्तंभाचे मरण, ‘म्हणून’ देवाने त्याला अत्युच्च केले. या ‘म्हणून’खाली रेघ मारा. प्रेषितांची कृत्ये २:३३ मध्ये तर उंचावणे पुनरुत्थानानंतर, देवाच्या उजवीकडे. योहान, पौल आणि कृत्ये या तिघांची सरमिसळ करू नका.