स्मार्ट स्पीकर घेण्याआधी घर तपासा

स्मार्ट स्पीकर बघताना नजर आधी किमतीवर जाते, मग आकारावर. पण तो रोज वापरात राहणार की दोन महिन्यांत टीव्हीशेजारी धूळ खात पडणार, हे ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत. घरातली माणसं कोणत्या भाषेत हाक मारणार, वायफाय त्या खोलीपर्यंत पोहोचतं का, आणि लाइट गेली की काय होतं. साताऱ्यातला जुना वाडा आणि सांगलीच्या विश्रामबागेतला फ्लॅट यांना एकच सल्ला लागू पडत नाही, म्हणून सुरुवात घरापासूनच करू.

पण त्याआधी भाषा. गूगल असिस्टंट फोनवर मराठी बोलतो, म्हणून त्याच कंपनीचा स्पीकरही मराठी बोलेल असं गृहीत धरू नका. गूगलचे नेस्ट स्पीकर आणि ॲमेझॉनचे इको, दोन्ही आपल्याकडे इंग्रजी आणि हिंदीवर चालतात. दोन्हींत या दोन भाषा एकत्र ठेवायची सोय आहे आणि ती पहिल्याच दिवशी सुरू करावी. मुलं इंग्रजीत सांगतील, आजी हिंदीत. खरी अडचण आकड्यांची होते. ‘सहाचा गजर’ म्हटलं तर हिंदीला ‘छह’ हवं असतं. ‘पावणेसात’ला ‘पौने सात’, ‘अडीच’ला ‘ढाई’. असे चार शब्द कागदावर लिहून स्पीकरशेजारी चिकटवले तर घरातल्या मोठ्यांची निम्मी चिडचिड वाचते.

दुसरी युक्ती रूटीनची, म्हणजे एका वाक्यावर ठरलेली कामं ओळीने करून घेण्याची. इकोमधून बोलणारी ती ॲलेक्सा; तिच्या ॲपमध्ये नवं रूटीन करून त्याला आपलं वाक्य देता येतं. हिंदी-मराठीत सारखे वाजणारे शब्द निवडायचे. उदाहरणार्थ ‘पूजा सुरू’ असं वाक्य दिलं आणि त्यापुढे भक्तिगीतांची प्लेलिस्ट, आवाज ४ आणि देवघरातला दिवा अशा तीन क्रिया जोडल्या की झालं. ज्यांनी वापरायचं त्यांच्याकडूनच चार-पाच वेळा म्हणवून बघा, ऐकू येत नसेल तर शब्द बदला. ‘ळ’ आणि ‘ण’ असलेले शब्द टाळलेले बरे.

हाक मारायच्या नावाचंही पाहा. घरात अलका किंवा त्याच्या जवळचं नाव असेल तर ॲलेक्सा ऐवजी ‘इको’ किंवा ‘कॉम्प्युटर’ निवडता येतं. गूगलमध्ये ही मोकळीक नाही. ‘ओके गूगल’ किंवा ‘हे गूगल’, एवढंच.

आता कोणता घ्यायचा. साधा नियम असा: गाणी, गजर, बातम्या आणि दोन-चार दिवे एवढंच हवं असेल तर इकोचा छोटा स्पीकर. सवय प्रश्न विचारायची असेल, घरात अँड्रॉइड फोन असतील आणि गाणी यूट्यूब म्युझिकवर ऐकत असाल तर गूगल नेस्ट. ॲपलचा होमपॉड मिनी फक्त आयफोन किंवा आयपॅड असलेल्यांनी बघावा, कारण त्याशिवाय तो सुरूच करता येत नाही आणि अँड्रॉइड फोनवरून त्यावर ब्लूटूथने गाणी लागत नाहीत.

इकोमध्ये पॉप आणि डॉट यांत लोक अडकतात. २०२३ मध्ये भारतात आले तेव्हा पॉप ४,९९९ रुपयांना होता, पाचव्या पिढीचा डॉट ५,४९९ ला. दिवाळीच्या आसपास दोन्ही बरेच खाली येतात. पॉपचा आवाज फक्त समोर जातो, त्यामुळे स्वयंपाकघराच्या फळीवर किंवा पलंगाशेजारी तो ठीक. डॉटमध्ये तापमान मोजणारा सेन्सर आहे, त्यावर ‘खोली तापली की पंखा लाव’ असं रूटीन करता येतं, अर्थात पंखा स्मार्ट प्लगवर किंवा स्मार्ट स्विचवर असेल तर. फरक पाचशे रुपयांचा असेल तर डॉट घ्यावा. गूगलचा नेस्ट मिनी २०१९ चा आहे. त्याच्या पाठीला खिळ्यावर अडकवायची जागा आहे, लहान घरात ती फार कामाची. नेस्ट ऑडिओत जाड आवाजासाठी ७५ मिलिमीटरचा वूफर आणि बारीक आवाजासाठी १९ मिलिमीटरचा ट्वीटर आहे. गाणी मन लावून ऐकणाऱ्यांनी गूगलमध्ये त्याच्याखाली उतरू नये.

आवाजाबद्दल थोडं खोलात जायला हवं, विशेषतः शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठी. मिरज हे तंबोऱ्याचं गाव, तिथल्या कानांना जाहिरातीतला ‘दमदार बास’ पटत नाही आणि ते बरोबरच आहे. गायक काळी एकमध्ये गात असेल तर सा साधारण १३८ हर्ट्झचा आणि तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झचा. डॉटमधला स्पीकर पावणेदोन इंच व्यासाचा, म्हणजे ४४ मिलिमीटर. एवढ्या लहान पडद्याला ६९ हर्ट्झ ताकदीने हलवणं जमत नाही. कानाला वरचे स्वरांश ऐकू येतात आणि खर्ज आहे असा भास होतो, पण तंबोरा पोकळ वाटतो. तबल्याच्या बायाचंही तेच. म्हणून दुकानात तपासताना ढोल-ताशावर भुलू नका. फोन ब्लूटूथने जोडा, तंबोरा आणि बाया स्पष्ट ऐकू येणारं एखादं ध्वनिमुद्रण आवाज निम्म्यावर ठेवून लावा आणि दोन स्पीकर एकामागोमाग ऐका. आवाज ऐंशी टक्क्यांवर नेला की लहान स्पीकर किरकिरतो, तेही तिथेच कळतं.

घरात चांगला ॲम्प्लिफायर किंवा होम थिएटर असेल तर मोठा स्मार्ट स्पीकर घ्यायची गरजच नाही. इथे एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते: चौथ्या पिढीच्या डॉटला ३.५ मिलिमीटरचं भोक होतं, पाचव्या पिढीच्या डॉटला आणि पॉपला नाही. या दोघांना जुन्या डेकशी जोडायचं तर डेकला ब्लूटूथ हवं, किंवा वेगळा ब्लूटूथ रिसीव्हर लावावा लागतो.

गाण्यांचा खर्च मात्र दुकानदार सांगत नाही. फुकट खात्यावर नाव घेऊन मागितलेलं गाणं बऱ्याचदा लागत नाही, त्या धाटणीचं दुसरंच लागतं, वर जाहिराती. हा स्पीकरचा दोष नाही. वर्गणी आधीच कोणत्या सेवेची भरताय ते बघा आणि ती सेवा त्या स्पीकरवर चालते का ते तपासा. आकाशवाणी ऐकायची असेल तर न्यूजऑनएअर ॲपमध्ये आपलं केंद्र शोधून फोनवरून ब्लूटूथने लावणं हा सर्वांत कमी कटकटीचा मार्ग.

वायफाय: विकत घेण्याआधी दहा मिनिटं

साताऱ्याच्या पेठांतले वाडे आणि सांगलीच्या गावभागातली जुनी घरं यांच्या भिंती दगडमातीच्या, दीड-दोन फुटांच्या. राउटर सोप्यात आणि स्पीकर माजघरात असेल तर मधली एकच भिंत सिग्नल गिळून टाकते. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अशा भिंतीपुढे लवकर हरतो, २.४ गिगाहर्ट्झचा थोडा तग धरतो.

तपासणी अशी करा. फोनमध्ये वायफाय ॲनालायझर प्रकारचं एखादं ॲप घ्या. स्पीकर जिथे ठेवायचाय तिथे फोन ठेवून दोन मिनिटं थांबा आणि आकडा वाचा. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० ते उणे ६५ डीबीएम असेल तर बिनघोर. उणे ७० ला चालतं, पण अधूनमधून अडतं. उणे ७५ च्या खाली गाणं तुटणार आणि ‘इंटरनेट नाही’ हे वाक्य पाठ होणार. दारं लावून पुन्हा मोजा. लोखंडी कपाट वाटेत असेल तर पाच-सात डीबी सहज जातात.

आकडा वाईट आला तर लगेच रिपीटर आणू नका. रिपीटर कमजोर सिग्नलच पुढे ढकलतो. त्यापेक्षा जुना राउटर पडून असेल तर त्याला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलने आलेलं इंटरनेट वायफायने पसरवणारा डबा, करा: त्याचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायची सोय) बंद, आयपी पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा, नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड मात्र तेच. मुख्य राउटरपासून त्याच्या लॅन पोर्टपर्यंत, वॅन पोर्टपर्यंत नव्हे, एक केबल खिडकीच्या चौकटीतून न्यायची. दगडी भिंतीवर याहून खात्रीचा आणि स्वस्त इलाज नाही.

इंटरनेटचा वेग फार लागत नाही. उत्तम दर्जाचं गाणं ३२० केबीपीएसने येतं, म्हणजे तासाला साधारण १४४ एमबी. फायबर नसलेल्या गावात फोनच्या हॉटस्पॉटवरही भागतं; फक्त फोन घेऊन माणूस शेतावर गेला की स्पीकर मुका होतो. जिथे हे रोजचं असेल तिथे वेगळा सिम घातलेला राउटरच हवा.

लाइट

इको डॉट, पॉप, नेस्ट मिनी यांपैकी कशातच बॅटरी नाही. लाइट गेली की स्पीकर बंद. घराला इन्व्हर्टर असेल तर स्पीकर, राउटर आणि फायबरचा डबा वेगळा असल्यास तोही, असे तिन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर आहेत का बघा. बहुतेक घरांत दिवे-पंखे इन्व्हर्टरवर असतात, राउटरचं सॉकेट राहून जातं. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठीचा मिनी यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पियर वाचा. बरेच राउटर १२ व्होल्टवर चालतात, पण सगळे नाहीत. मिनी यूपीएसची जास्तीची पिन स्पीकरमध्ये बसते म्हणून खुपसू नये. पिन सारखी असली तरी व्होल्ट वेगळे असू शकतात.

एप्रिल-मेमधला वळीव ही इथली खरी परीक्षा. विजा कडाडायला लागल्या की राउटर आणि स्पीकर दोन्ही सॉकेटमधून काढून ठेवा, नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. तांब्याच्या तारेचं ब्रॉडबँड असेल तर ती तारही काढा.

लाइट आल्यावर स्पीकर आधी उठतो, राउटर मागून. दोन-तीन मिनिटं थांबलात तर तो आपणच जोडला जातो. नाहीच झालं तर स्पीकरची पिन दहा सेकंद काढून पुन्हा लावा. सगळी जोडणी नव्याने करण्याची घाई नको.

जागा आणि जोडणी

कोनाडा दिसायला सुरेख, पण स्पीकरला वाईट. तिन्ही बाजूंच्या भिंतींवरून आवाज परतून घुमतो आणि मायक्रोफोनला बोलणं गढूळ ऐकू येतं. भिंतीपासून किमान २० सेंटिमीटर सोडा, टीव्हीपासून दीड-दोन मीटर. स्वयंपाकघरात शेगडीपासून दीड मीटर दूर आणि फोडणीच्या वाफेच्या वाटेत नाही. तेलाचा थर कापडी जाळीवर बसला की निघत नाही. जावळी, पाटण, महाबळेश्वरकडे पत्र्याच्या घरात पावसाळ्यात पत्र्याचा आवाजच एवढा असतो की स्पीकरला काही ऐकू येत नाही. तिथे तो उशाशी ठेवावा, खोलीच्या टोकाला नाही.

जोडणी करताना फोनचं ब्लूटूथ आणि लोकेशन सुरू हवं. इको पहिल्यांदा लावला की नारिंगी दिवा फिरतो. तो फिरत नसेल तर डॉटवरचं गोल टिंब असलेलं बटण पंधरा सेकंद दाबून धरा. ॲपमध्ये भाषा निवडा, मग पत्ता नीट भरा. पिनकोड चुकीचा राहिला तर सांगलीत बसून भलत्याच शहराचा पाऊस ऐकावा लागतो. त्यानंतर लगेच आवाजावरून खरेदी बंद करा, नाहीतर लहान मुलं काय मागवतील याचा नेम नाही. प्रायव्हसीच्या पानावर जाऊन जुनी ध्वनिमुद्रणं किती दिवसांनी पुसायची तेही ठरवून टाका. घरात खासगी बोलणं असेल तेव्हा मायक्रोफोनचं बटण दाबा: इकोवर लाल दिवा लागतो, नेस्ट मिनीला बाजूला सरकवायचं बटण आहे. इकोवर पिवळा दिवा लुकलुकला तर घाबरू नका, निरोप किंवा सूचना आली आहे एवढाच त्याचा अर्थ.

दिवे आणि प्लग जोडताना सर्वाधिक तक्रार येते ती ‘बल्ब सापडत नाही’ ही. स्वस्त बल्ब आणि प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाने देत असेल तर जोडणीपुरता ५ गिगाहर्ट्झ बंद करा, बल्ब जोडा, मग परत सुरू करा. स्मार्ट बल्बचं भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं. घरातल्या मोठ्यांना जाता येता बटण बंद करायची सवय असते आणि ती सुटत नाही. अशा घरात बल्बऐवजी बोर्डाच्या आत बसणारा स्मार्ट स्विच घ्या, म्हणजे बटणही चालतं आणि आवाजही.

गीझरला १६ ॲम्पियरचाच प्लग. २ किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टला जवळपास पावणेनऊ ॲम्पियर ओढतो, ३ किलोवॉटचा १३. सहा ॲम्पियरच्या प्लगवर तो लावला तर प्लग वितळू शकतो.

पाण्याची मोटर मात्र स्मार्ट प्लगवर थेट लावू नये, अर्ध्या एचपीचीही. सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते, त्यात प्लगच्या रिलेची, म्हणजे आतल्या स्विचची, टोकं एकमेकांना चिकटतात आणि तुम्ही ‘बंद’ म्हटलं तरी मोटर चालूच राहते. टाकी ओसंडून गल्लीत पाणी. वायरमनकडून कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट झेलणारा स्विच, बसवून घ्या. प्लग फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलला वीज देईल, मोटरचा भार कॉन्टॅक्टर घेईल. बोअरच्या थ्री-फेज मोटरला स्टार्टर आणि त्यातलं संरक्षण तसंच ठेवून हे काम करायचं, ते काढून नाही.

एकाच खोलीत ऐकू जातील असे दोन स्पीकर असतील आणि दोघेही उत्तर देऊ लागले तर एकाचं हाक मारायचं नाव बदला. बल्बना ‘हॉल’, ‘किचन’, ‘देवघर’ अशी एकमेकांपासून दूर वाजणारी नावं द्या. ‘लाइट एक’, ‘लाइट दोन’ ठेवलंत की रोज भलताच दिवा लागणार.

जुना स्पीकर घेत असाल तर पैसे देण्याआधी विकणाऱ्याला त्याच्या खात्यातून तो काढून टाकायला सांगा आणि तुमच्या फोनवर तिथल्या तिथे जोडून बघा. नेस्ट मिनी कोरा करायला मायक्रोफोनचं बटण बंद करून वरचा मधला भाग साधारण पंधरा सेकंद दाबून धरतात, आवाज आला की झालं. मूळ ॲडॉप्टर सोबत आहे का तेही पाहा. दोन्ही कंपन्यांच्या या छोट्या स्पीकरना १५ वॉटचा येतो. त्याऐवजी कुठलातरी चार्जर दिला असेल तर आवाज वाढवताच स्पीकर स्वतःहून बंद-चालू होऊ लागतो.