रेकी देताना या चुका टाळा

रेकी म्हणजे अंगावर हात ठेवून ऊर्जा देण्याची जपानी पद्धत. तिची पहिली डिग्री, म्हणजे शिक्षणाची पहिली पातळी, पूर्ण होते, शक्तिपात (गुरूकडून मिळणारी दीक्षा) होतो, आणि घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात बहुतेकांची तक्रार एकच असते: "माझ्या हाताला काहीच जाणवत नाही." मग माणूस जोर लावतो. तळहात दाबतो, डोळे घट्ट मिटतो, श्वास रोखून 'ऊर्जा पाठवायला' लागतो. माझ्या मते रेकीतल्या बहुतेक चुका या एकाच ठिकाणी सुरू होतात. इथे हात फक्त ठेवायचा असतो.

तळहात किंचित खोलगट, बोटं जुळलेली, मनगट सैल, आणि समोरच्याच्या अंगावर हाताचं वजन जवळजवळ नाहीच. डोळ्यांवर हात ठेवताना चूक लगेच कळते. अंगठे नाकपुड्यांना टेकले की समोरचा तोंडाने श्वास घेऊ लागतो, पापण्या फडफडतात, आणि शांत व्हायचं सोडून तो तुमचा हात कधी निघतो याची वाट बघतो. आधी डोळ्यांवर मऊ सुती रुमाल टाका, अंगठे नाकापासून दूर ठेवा आणि कोपरं उशीवर टेकवा. कोपर अधांतरी राहिलं की दोन मिनिटांत खांदा भरून येतो आणि तो ताण थेट बोटांत उतरतो. जमिनीवर वाकून तासभर रेकी देऊ नका, कंबर धरते. पलंगाच्या उशाशी स्टूल घेऊन बसलेलं बरं. हात गार असतील तर आधी चोळून घ्या.

दुसरी चूक घाईची. एका जागी साधारण तीन ते पाच मिनिटं हात ठेवायची पद्धत आहे. दर तीन मिनिटांनी घंटी वाजणारं संगीत नवशिक्याला उपयोगी पडतं, पण हाताखाली ऊब वाढत असताना केवळ घंटी झाली म्हणून हात उचलणं बरोबर नाही. जपानी परंपरेत हाताला जाणवणाऱ्या ऊब, मुंग्या, गारवा, ठोके अशा संवेदनांना ब्योसेन म्हणतात. किती वेळ थांबायचं हे त्यावरून ठरवतात.

याच संवेदनांवरून रोग सांगणं मात्र कटाक्षाने टाळा. "इथे मुंग्या आल्या, लिव्हर तपासून घ्या" हे वाक्य ऐकणाऱ्याची रात्रीची झोप घालवतं, आणि निदान करणं आपलं काम नव्हेच. उलट काहीच जाणवलं नाही तर अपयश समजू नका. समोरचा झोपला, त्याचा श्वास संथ झाला, एवढं पुरे.

रोजच्या सरावाकडे दुर्लक्ष ही मोठी चूक. रेकीचे प्रवर्तक मिकाओ उसुई यांनी १९२२ साली क्योतोजवळच्या कुरामा डोंगरावर २१ दिवस उपवास आणि ध्यान केलं, अशी परंपरा आहे. शक्तिपातानंतर २१ दिवस स्वतःला रेकी देण्याची आजची रीत त्याच्याशी जोडलेली आहे. मध्येच एखादा दिवस चुकला तर सगळं वाया गेलं म्हणून सोडून देऊ नका. दुसऱ्या दिवशी पुढे सुरू ठेवा. आणि रेकीची पाच तत्त्वं फक्त फ्रेम करून भिंतीला लावू नका. "फक्त आजच्या दिवशी रागावू नकोस, काळजी करू नकोस" हे सकाळ-संध्याकाळ हात जोडून म्हणायचं असतं. मन शांत करण्याचं निम्मं काम तिथेच होतं, असं मला मनापासून वाटतं.

अनेक वर्गांच्या टिपणांत उसुई हे ख्रिस्ती प्राध्यापक होते आणि शिकागोला शिकले, असं अजूनही असतं. ही गोष्ट रेकी पाश्चिमात्य देशांत नेणाऱ्या हवाईच्या हावायो ताकाता यांच्या सांगण्यातून पसरली. संबंधित विद्यापीठांकडे त्याची नोंद नाही. पुढे शिकवणार असाल तर ती गाळा.

स्पर्शाची परवानगी आधी विचारा, घरच्या माणसालासुद्धा. छाती, ओटीपोट, जांघ इथे हात काही इंच वर धरला तरी चालतो. जखम किंवा भाजलेल्या जागेवर हात टेकवूच नका.

शेवटची चूक सर्वांत महागात पडणारी. रेकी सुरू केली म्हणून बीपीची गोळी, इन्शुलिन, थायरॉइडचं किंवा मानसोपचाराचं औषध बंद करायचं नाही. नैराश्य आणि चिंतेवर रेकीचा उपयोग होतो का, याचा कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१५ साली आढावा घेतला. हाती तीनच अभ्यास आले, आणि पुरावा पुरेसा नाही असाच निष्कर्ष निघाला. तरी स्वस्थता मिळते म्हणून रेकी जरूर घ्या, औषधांच्या जोडीने. छातीत दुखून घाम फुटला, बोलताना जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं, तर आधी १०८ ला फोन करा. आणि साखर किंवा बीपी आटोक्यात आल्यासारखं वाटलं, तरी डोस कमी करायचा की नाही हे रिपोर्ट बघून तुमचे डॉक्टरच ठरवतील.