ताडोब्यात गाइड व्हायला निघालेल्यांसाठी

ट्रेनिंगला येणारी बफरमधल्या, म्हणजे जंगलाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांतली पोरं मला पहिल्याच दिवशी विचारतात, "दादा, वाघ शोधायचा कसा?" ते चार महिन्यांत जमतं. वाघ सापडल्यावर काय करायचं, हे कळायला मला दोन हंगाम लागले.

दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमधली सकाळ. पाणवठ्यावरून वाघीण रस्त्याकडे निघाली होती, मागे बांबूच्या रांजीत तिची दोन पिल्लं. गाडीतल्या पाहुण्यांच्या तीन सफाऱ्या कोऱ्या गेलेल्या. "अजून थोडं पुढे घ्या ना," म्हणाले आणि मी ड्रायव्हरला खूण केली. आमचं बघून मागच्या दोन जिप्सीही सरकल्या. वाघीण रस्ता ओलांडून गेली, पिल्लं अलीकडेच अडकली. ती पलीकडून हलक्या आवाजात बोलावत होती, पिल्लं पाचोळ्यात दबून बसलेली. गाड्या हलायला अर्धा तास गेला. त्या दिवशी टिप भरपूर मिळाली. रात्री जेवण गेलं नाही.

नियम मला पाठ होते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं, म्हणजे गाभ्यातल्या जंगलातलं, पर्यटन काही महिने थांबवलं होतं. त्यानंतर आलेल्या मार्गदर्शक सूचनांत सगळं लिहिलेलं आहे : प्राण्यापासून किमान २० मीटर, प्राणी बघताना दोन गाड्यांत ५० मीटर, एका जागी पंधरा मिनिटांहून जास्त थांबायचं नाही. पण जंगलात मीटर मोजायचे कसे? मी जिप्सीची लांबी धरतो. पाच जिप्सी एकामागे एक उभ्या राहतील एवढी जागा म्हणजे साधारण २० मीटर. वाघ समोरून चालत येत असेल तर हे अंतर झपाट्याने संपतं, म्हणून आधीच लांब थांबा आणि मागचा रस्ता मोकळा आहे ना ते बघा. ड्रायव्हरशी हे गेट उघडण्याआधी बोलून ठेवा. पाहुण्यांसमोर त्याला थांबवायला गेलात तर त्याचाही मान जातो, तुमचाही.

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या पिल्लांची वाट अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाइड आणि ड्रायव्हरांवर कारवाई झाली. पाहुणे आपापल्या घरी गेले. हे लक्षात ठेवा.

आता पाहुण्यांना दाखवायचं काय? ताडोबा हे नावच तारू देवावरून आलंय. वाघाशी झुंजताना गेलेला हा गावप्रमुख, त्याचं ठाणं तळ्याकाठी आहे. त्या तळ्यात मगरी आहेत. १९५५ चं हे राष्ट्रीय उद्यान, पुढे अंधारी अभयारण्य जोडून १९९५ ला व्याघ्र प्रकल्प झाला. एवढं दोन मिनिटांत सांगून होतं. बाकी वेळ झाडांना द्या. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल, उन्हाळ्यात पानं गाळून पांढरीफटक उभी राहणारी कराय, मोहाखाली अस्वलाने केलेली उकराउकर. वाघाची चाहूल लागली की हरणं ओरडून इशारा देतात, तो कॉल. चितळाचा कॉल फसवतो, ते कशानेही दचकतं. सांबराने कॉल दिला तर मात्र गाडी बंद करा आणि कान द्या. रानकुत्र्यांची टोळी दिसली तर पाहुण्यांना पटवून द्या की हे वाघापेक्षा कमी नाही. मला ते मनापासून वाटतं, म्हणून पटतं.

गावाबद्दलही बोला. पाहुणे विचारतात, "तुम्हाला वाघाची भीती नाही वाटत?" मे २०२५ मध्ये आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. माझी आईही मोह वेचायला, तेंदूला जाते. मी गेटवर वाघ दाखवायला उभा असतो आणि ती त्याच वाघाच्या रानात वाकलेली असते. सफारीचा रोजगार गावातल्या पोरांना मिळतो, गावात गॅस येतो, सरपणाच्या खेपा कमी होतात, तेव्हाच गाव वाघाला सहन करतं. म्हणून गाइड गावचाच असावा यावर माझा हट्ट आहे.

पैशाचं एक सांगतो. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतं. बफर चालू राहतं, पण पाहुणे कमी, त्यामुळे रोटेशनमध्ये, म्हणजे गाइडांच्या पाळीत, तुमचा नंबर उशिरा लागतो. मे महिन्यात हातात पैसा खेळतो तेव्हाच बाजूला काढा. पहिल्या वर्षी मी काढला नव्हता आणि जुलैत मजुरीने भाताच्या रोवणीला गेलो. एका सकाळी बांधाच्या चिखलात वाघाचा माग दिसला. बाया माझ्याकडे बघायला लागल्या. मी खाली बसून पाहिलं : पावसाची भुरभुर चालू होती, तरी कडा धारदार होत्या, आत पाणी साचलेलं नव्हतं. नुकताच गेला होता. मी सगळ्यांना हाका मारून एका बांधीत घेतलं आणि दुपारपर्यंत रानाच्या बाजूचे पऱ्हे, म्हणजे लावायची भाताची रोपं, तसेच पडू दिले.